दुसऱ्या बायोप्सीची भांडणं

दादाला फुप्फुसाचा कॅन्सर झालाय हे कळल्यावर जी माणसं भेटायला आली, त्यातल्या बहुतेकांनी बूट काढता काढताच विचारलं, "सिगारेट ओढायचे का हो?" दादाने उभ्या आयुष्यात विडीला हात लावला नव्हता. तसं सांगितलं की समोरच्याचा चेहरा पडायचा. आजारी माणसाची काहीतरी चूक सापडली की धडधाकट माणसाला बरं वाटतं, ते समाधान आम्ही त्यांना देऊ शकलो नाही. मग ते चहा पिऊन, "पॉझिटिव्ह राहा" असं सांगून लिफ्टने खाली जायचे.

दादा वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत स्टोअर सांभाळायचा, पण लोक त्याला ओळखायचे ते कबड्डीचा पंच म्हणून. कल्याणला आमच्या चाळीमागे मैदान होतं. तिथे तो आधी खेळला, आणि गुडघा गेल्यावर शिट्टी घेऊन उभा राहिला. निर्णय दिला की दिला. मंडळाचा अध्यक्ष अंगावर धावून आला तरी हा हात मागे बांधून शांतपणे त्याच्याकडे बघत राहायचा. खोकला सुरू झाला तेव्हा त्याला सगळ्यात आधी फरक जाणवला तो शिट्टीत.

"अर्धीच वाजते गं," तो फोनवर म्हणालेला.

"डॉक्टरकडे जा," मी म्हटलं.

"आधी शिट्टी बदलून बघतो."

मी डोंबिवलीच्या एका ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाले. त्यामुळे आमच्या घरात कोणाचा दात दुखला तरी मला विचारतात, आणि मी सांगितलेलं सोडून बाकी सगळं करतात. शिट्टी बदलून काही झालं नाही. मग एक्स-रे, स्कॅन, पाठीतून सुई घालून काढलेला तुकडा, असं सगळं रीतसर झालं. कॅन्सर ग्रंथीच्या पेशींचा निघाला. त्या पेशींच्या एका जनुकात अशी चूक होती की 'वाढा' हा आतला इशारा एकदा सुरू झाला की बंदच होत नव्हता. न ओढणाऱ्यांत ही चूक बऱ्यापैकी सापडते, आणि तो इशारा अडवणारी गोळी मिळते. रोज एक.

गोळीने काम केलं. काही आठवड्यांतच दादा ठाण्यात बाळकुमला असलेल्या आपल्या घराचे जिने उगाचच चढून बघायला लागला. गाल भरले. कंपनीतून निवृत्ती घेतली, पण रविवारी मैदानावर परत उभा राहिला. आणि मग श्रेय घ्यायला रांग लागली. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी रोज सकाळी पाठवलेल्या व्हिडिओंमुळे तो बरा झाला, असं त्या बाईंचं मत. सोसायटीच्या हास्य क्लबचं वेगळं मत. सगळ्यात मोठा दावा वहिनीच्या भावाचा. हा बँकेतून लवकर निवृत्त झालेला माणूस. निवृत्तीनंतर त्याला इतरांच्या शरीराबद्दल फार कळायला लागलं. खडवलीला नदीकाठी कोणीतरी काढा देतो, म्हणून तो तिथून महिन्याच्या बाटल्या आणायचा.

"दाजी, गोळी फक्त दाबून ठेवते. मुळावर घाव घालतो तो काढा," तो सोफ्यावर मांडी घालून सांगायचा.

आमच्या घराण्याने दोन पिढ्यांपूर्वी बुवा-बाबांना दार लावलं. आईवडिलांनी चाळीत राहून, पोटाला चिमटा काढून आम्हाला शिकवलं ते काय यासाठी? तोच बुवा आता बाटलीवर वनस्पतीचं चित्र चिकटवून लिफ्टने दहाव्या मजल्यावर येत होता, आणि माझी वहिनी मान खाली घालून ती बाटली फ्रिजमध्ये ठेवत होती. वहिनी कधी कुणाला उलट बोलली नाही. मला तिच्या त्या गप्प बसण्याची चीड होती.

दीडेक वर्ष असं बरं गेलं. मग दादाला मानेत, हाडाच्या वर, हरभऱ्याएवढी गाठ लागली. भूक गेली. स्कॅनमध्ये यकृतावरही डाग दिसले. ठाण्याच्या हॉस्पिटलातली त्याची डॉक्टर माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची होती आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणींपेक्षा स्पष्ट बोलायची.

"काका, गोळी काम करेनाशी झालीय," ती म्हणाली. "का, ते स्कॅन सांगत नाही. या गाठीचा तुकडा काढून बघायला हवा. कधी जनुकात नवीन चूक होते. कधी पेशी रूपच बदलतात. दोन्हीचं औषध वेगळं."

"म्हणजे परत सुई?" दादाने विचारलं.

"परत सुई. पण ही वरवरची गाठ आहे. पहिल्यापेक्षा सोपी."

घरी आलो तर वहिनीचा भाऊ हजर. शेजारचं एक जोडपंही होतं. सोफा भरलेला. मी डॉक्टरचं म्हणणं सांगितलं आणि सभा सुरू झाली.

"एकदा टोचली तेव्हाच ते आत चवताळलं," वहिनीचा भाऊ म्हणाला. "गाठीला सुई लावली की पसरते. लहान पोरसुद्धा सांगेल."

"तुम्हाला बहुतेक त्यानेच सांगितलेलं दिसतंय," मी म्हटलं.

"ताई, चिडू नका. रक्तात कळतं ना सगळं? रक्त तपासलं की नाही?"

रक्त तपासलं होतं. त्यात जनुकाची ती जुनीच चूक दिसली होती, दुसरी नाही. हे कळल्यावर त्याने मांडीवर थाप मारली. "बघा! तोच कॅन्सर आहे. मग तपासायचं काय परत परत? हॉस्पिटलवाल्यांना उद्योग पाहिजे."

मी समजवायला बसले. अख्खी नोकरी तेच केलं होतं. म्हटलं, रक्तात जनुकाचे तुकडे सापडतात, पेशी कशी दिसते ते त्यावरून कळत नाही. आपल्या डोळ्याच्या पेशीत आणि यकृताच्या पेशीत जनुकं सगळी तीच असतात. तरी डोळा पित्त करत नाही आणि यकृताला दिसत नाही, कारण कुठली जनुकं चालू ठेवायची आणि कुठली बंद, हे प्रत्येक पेशीचं पक्कं झालेलं असतं. कॅन्सर जसा वाढतो तसं हे पक्केपण सुटत जातं. मूळची चूक जिथल्या तिथे राहून पेशी वेगळ्याच जातीची होऊ शकते.

"म्हणजे आंब्याला फणस लागले म्हणा की, मॅडम!" तो म्हणाला, आणि शेजारचं जोडपं खूश होऊन हसलं.

मागच्या बाकावर बसून असं बोलणारी मुलं मी खूप पाहिली. त्यांच्यातली काही पुढे शहाणी झाली. हा साठीला आला तरी मागच्याच बाकावर होता.

शेजारचे गृहस्थ मग तज्ज्ञाच्या आवाजात म्हणाले, "कॅन्सर फार हुशार असतो हो. औषध ओळखतो, वेष बदलतो." हे वाक्य मी तोवर पुष्कळदा ऐकलं होतं. हॉस्पिटलच्या रांगेत, नातेवाइकांच्या फोनवर. मला ते ऐकलं की अंगाचा तिळपापड व्हायचा. हुशार? ज्या घरात राहायचं तेच खाऊन टाकणारं, घरासकट स्वतः मरणारं ते काहीतरी, त्याला हुशार म्हणायचं? पेशींना ना औषध कळतं ना वेष. त्या आंधळ्यासारख्या वाढतात, वाढताना हजार तऱ्हेने बिघडतात. गोळी ज्यांना मारू शकते त्या मरतात. बिघडता बिघडता ज्यांना त्या इशाऱ्याची गरजच उरली नाही त्या उरतात, आणि मग त्यांचीच पिलावळ. यात डोकं कुठे आलं? हुशार माझा भाऊ होता, जो सात-आठ अंगांच्या ढिगाऱ्यात कुणाचं बोट रेषेला लागलं ते बरोबर सांगायचा. पण त्याला त्या दिवशी कुणी काही विचारतच नव्हतं.

तो खुर्चीत बसून होता. शेवटी म्हणाला, "बघू. जरा थांबू."

मला वाटलं, संपलं. मंडळाच्या अध्यक्षाला न घाबरणारा माणूस मेव्हण्याला घाबरला. मी त्याच्या मागे गॅलरीत गेले. तिथून खाडीचा पट्टा दिसतो आणि त्याच्या अलीकडे नवीन टॉवरांच्या क्रेनी.

"त्याचं ऐकणार आहेस तू?" मी विचारलं.

"त्याचं कोण ऐकतंय? येडा आहे तो." तो कठड्याला टेकला. "सुईची भीती नाय गं मला. पण दुसरंच काय निघालं तर? हा कॅन्सर निदान माझ्या ओळखीचा झालेला. गोळी घ्यायची, झोपायचं. आता परत नवीन कुठून सुरुवात करू?"

"तो तुझ्या ओळखीचा राहिलाय की नाही तेच बघायचंय, दादा."

तो खाडीकडे बघत राहिला. मीही तिथे उभी राहून खाडी बघितली. रागावायला आले होते, ते जमलं नाही.

त्या 'जरा थांबू'त पंधरवडा गेला. काढ्याची नवीन बाटली आली. गाठ हरभऱ्याची सुपारी झाली आणि त्याच्या शर्टाचं वरचं बटण लागेना. मग एका सकाळी त्याचा फोन. "मी अपॉइंटमेंट घेतली. येतेस का? तिथे पण कोणीतरी भांडायला लागेल." वहिनीच्या भावाला त्याने कळवलंच नाही. जागा बधिर करून डॉक्टरांनी तुकडे घेतले, आणि दुपारी आम्ही तिघं, तो, वहिनी आणि मी, स्टेशनजवळ मिसळ खाऊन घरी आलो. मिसळ त्याने अर्धी टाकली.

अहवाल आला. लहान पेशींचा कॅन्सर. जनुकातली चूक तीच जुनी, म्हणजे नवीन कुठून आला नव्हता, त्याच कॅन्सरच्या पोटातून हा निघाला होता. मी डॉक्टरला म्हटलं, "मला दोन्ही बायोप्सींच्या काचपट्ट्या बघायच्या आहेत." माझं मागणं विचित्र वाटल्यासारखं तिने पाहिलं, पण व्यवस्था केली. पॅथॉलॉजीच्या डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकाशी मला बसवलं.

पहिल्या तुकड्यात पेशी वेड्यावाकड्या होत्या, पण मधे पोकळी ठेवून गोल करायचा प्रयत्न करत होत्या. ग्रंथी करतात तसा. आपण कुठून आलो याची काहीतरी आठवण होती त्यांना. दुसऱ्या तुकड्यात गोल नव्हता, पोकळी नव्हती. काळ्याभोर, बारक्या, एकमेकींवर दाबून चपट्या झालेल्या पेशी. केंद्रक सोडून जवळजवळ काहीच नाही. शरीरात संप्रेरकं सोडणाऱ्या काही पेशी असतात, अर्ध्या चेतापेशींसारख्या. यांचा तोंडवळा त्यांच्याकडे गेला होता, म्हणे. मला त्यात कसलाच तोंडवळा दिसला नाही. वाढणं सोडून बाकी सगळं विसरलेल्या होत्या त्या. मी डोळा काढून घेतला. इतकं सामान्य, इतकं निर्बुद्ध काहीतरी माझ्या भावाला मारणार, याचा मला संताप आला. निदान दिसायला तरी भयंकर असायला हवं होतं.

"गोळी यांच्यावर चालत नाही, कारण यांचं त्या इशाऱ्यावर काही अडलेलंच नाही," डॉक्टरने नंतर दादाला सांगितलं. "यांना सलाईनमधून केमो द्यावी लागेल. पटकन उतार पडेल. पण खरं सांगते काका, हा उतार टिकत नाही."

"किती?" दादाने विचारलं.

"काही महिने. कमी-जास्त होतं."

दादाने मान हलवली. निर्णय मान्य असल्यासारखी.

मग तिने विचारलं, "आणखी काही घेता का? काढे, चूर्णं, काहीही? केमोबरोबर यकृताला त्रास होतो, म्हणून विचारते."

"काही नाही," वहिनी म्हणाली.

मला राहवलं नाही. "वहिनी, आता तरी खरं सांगा. दीड वर्ष काढा चाललाय."

"काढा नाही, ताई. जिऱ्याचं पाणी चाललंय." वहिनी पदर सारखा करत शांतपणे म्हणाली. "भावाने आणलेलं बेसिनमध्ये ओतायचे. जिरं उकळून, रंगाला थोडा चहा टाकून बाटली परत भरायची. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं ना, गोळीबरोबर दुसरं काही नको."

दादा तिच्याकडे बघत राहिला. "मग त्या बाटलीवर मी तोंड वाकडं करायचो ते?"

"तुम्ही जिरं पिऊनही करता."

डॉक्टर हसली. दादाही इतका हसला की त्याला खोकल्याची उबळ आली आणि नर्सने येऊन पाणी दिलं. मी मात्र वहिनीकडे नव्याने बघत होते. मी दीड वर्ष त्या सोफ्यावर बसून वाद घालत होते. हिने एक शब्द न बोलता, रोज ओट्यापाशी उभं राहून काम केलं होतं.

केमोने खरंच पटकन उतार पडला. गाठ बोटाखाली सापडेना. केस गेले, तोंड आलं, आंबट वरण सोडून काही उतरेना, पण दम परत आला. कल्याणच्या आमच्या जुन्या मैदानावर सामने होते. आयोजकांनी त्याला खुर्ची दिली, गळ्यात हार घातला, आणि 'कॅन्सरशी झुंजणारा योद्धा' अशी ओळख करून दिली. दादाने हार काढून खुर्चीच्या पाठीला लटकवला. "योद्धा कोण? मी पंच आहे," तो माझ्या कानाशी म्हणाला. दुसऱ्या सामन्यात घरच्या संघाचा चढाईपटू रेषेबाहेर गेला. मैदानावरचे पंच गप्प. दादा खुर्चीतून उठला, टोपी सावरली आणि हात वर केला. बाद. आयोजकांची तोंडं बघण्यासारखी झाली. योद्धा चालत होता त्यांना, पंच नको होता.

दोनेक महिन्यांनी कॅन्सर परत आला. दुसरं औषध दिलं, त्याने काही झालं नाही. एका दुपारी बाळकुमच्या घरी, वहिनी उशी बदलत असताना तो गेला. मी तेव्हा पलीकडच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते. वहिनीने हाक मारली, मोठ्याने नाही, नेहमीच्याच आवाजात.

जलदान विधी कल्याणच्या विहारात झाला. वंदना झाली आणि मग दोन शब्द बोलणाऱ्यांची रीघ लागली. माणूस मेला की त्याच्याबद्दल बोलायला अशी माणसं पुढे येतात ज्यांना तो ओळखतही नव्हता. वहिनीचा भाऊ माईकपाशी गेला. दाजी कसे दिलदार होते वगैरे झाल्यावर त्याचा आवाज बदलला.

"दीड वर्ष माणूस ठणठणीत होता," तो म्हणाला. "काही शिकल्यासवरल्या लोकांच्या हट्टामुळे परत सुई टोचली गेली आणि कॅन्सरचा प्रकारच बदलला. मी सांगून थकलो. सुईने बदलला तो."

लोकांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मी उठणार होते. काय बोलणार होते कोण जाणे. बहुधा पेशी, जनुकं, आणि मग काहीतरी असं जे विहारात बोलू नये. पण त्याआधी पांढऱ्या साडीतली वहिनी उठली. माईकपर्यंत गेलीच नाही, जागेवरूनच आपल्या भावाला म्हणाली, "दादा, खाली बस."

"अगं, मी खरं तेच..."

"गाठ सुईच्या आधी वाढलेली. त्यांच्या शर्टाचं बटण मी लावायची, मला माहितीये. आतलं सगळं बदलून झालेलं, सुईने फक्त दाखवलं. ते बघितलं म्हणून त्यांना ते चार-पाच महिने मिळाले. तू सांगितलेलं ऐकलं असतं तर तेही गेले असते. बस आता."

वहिनीचा भाऊ माईक चालू ठेवूनच खाली उतरला. दारापाशी तो कोणालातरी म्हणत होता की दुःखात माणूस काहीही बोलतो. त्या दिवसापासून तो बाळकुमला फिरकलेला नाही. त्याचे सुविचार मात्र माझ्या फोनवर अजून येतात. मी ते न उघडता पुसते.

आता वहिनी अधूनमधून माझ्याकडे डोंबिवलीला राहायला येते. परवा आम्ही मेथी निवडत बसलो होतो. तिने विचारलं, "ताई, त्या पेशी विसरल्या म्हणता तुम्ही. पण मग चांगल्या पेशीच्या लक्षात कसं राहतं, आपण फुप्फुसाच्या म्हणून?"

अख्ख्या नोकरीत मला हे कुणी विचारलं नव्हतं. वर्गातली मुलं परीक्षेत किती गुणांना येईल तेवढंच विचारायची.

"सोपं नाहीये ते," मी म्हटलं.

"मग सावकाश सांगा. जुडी अजून अर्धी आहे."

मी शेजारच्या पेशींपासून सुरुवात केली. पेशी एकटी नसते, भोवतालच्या पेशी तिला सारख्या काहीतरी कळवत असतात, वगैरे. वहिनीने मधेच हात वर केला.

"थांबा. ते कळवतात कसं, ते आधी सांगा."

मी मेथीची काडी ताटाबाहेर टाकली आणि परत पहिल्यापासून सांगायला लागले.